उशिरा उठायची परवानगी

‘किती वाजता उठतोस?’ हा प्रश्न आपल्याकडे वेळ जाणून घ्यायला कुणी विचारत नाही. उत्तर ऐकलं की समोरचा तुमच्याबद्दल मत बनवून मोकळा होतो. पाच म्हणालात तर कष्टाळू, निर्व्यसनी, घरचे संस्कार चांगले. नऊ म्हणालात तर काय, ते तुम्ही ऐकलेलं असणारच. रात्री किती वाजता झोपलास, हे मात्र कुणी विचारत नाही. एक जण रात्री नऊला झोपून पाचला उठतो, दुसरा दोनला झोपून दहाला उठतो. झोप दोघांची आठ तासच. तरी एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला टोमणे. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढूनही हे गणित मला सुटलेलं नाही.

हे जुन्या लोकांचंच खूळ आहे असंही नाही. तुमच्या फोनवर आत्ता रील उघडा, दहा मिनिटांत एक तरी माणूस पहाटेच्या अंधारात धावताना, थंड पाण्याने आंघोळ करताना, डायरी लिहिताना दिसेल. रॉबिन शर्मांचं ‘द ५ एएम क्लब’ २०१८ मध्ये आलं, तेव्हापासून तर पहाट हा एक क्लबच झाला. आजोबा ज्याला ब्रह्ममुहूर्त म्हणायचे त्याला हे लोक प्रॉडक्टिव्हिटी म्हणतात. लवकर उठणारा चांगला माणूस, यावर दोघांचं एकमत.

मी पारशिवनीचा. पेंचच्या खोऱ्यातलं, नागपूरपासून तास-सव्वातासावरचं तालुक्याचं गाव. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलो, पुढे कंपनीने घरूनच काम करायची मुभा दिली, म्हणून इथेच राहिलो. माझी टीम कॅलिफोर्नियात आहे. त्यांच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात ते लोक आपली घड्याळं तासभर मागे घेतात, मग साडेदहा. म्हणजे तिकडे हिवाळा लागला की इकडे पारशिवनीत माझं जेवण पुढेमागे होतं. मिटिंगा आटोपून, कोड तपासून झोपायला दीड-दोन वाजतात. बाबा मध्येच पाणी प्यायला उठतात, माझ्या खोलीतला उजेड बघतात आणि दारातूनच विचारतात, “झाली का तुह्या अमेरिकेत सकाळ?”

टोमणा आहे, पण प्रश्न बरोबर आहे. माझी रात्र ही दुसऱ्या कुणाची तरी सकाळ आहे. आणि घड्याळ नेहमीच दुसऱ्या कुणाचं तरी असतं. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, ती ८२.५ अंश रेखांशावरची. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. घड्याळ पुढे ढकललं म्हणजे त्याच आकड्याला गिरणीत पोचायचं तर सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी उठायचं. त्या जानेवारीतच मुंबईच्या गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम थांबवलं, दगडफेकही झाली. मुंबईत जुनी ‘बॉम्बे टाइम’ त्यानंतरही, १९५५ पर्यंत, चालत राहिली. आमच्याकडचा सूर्यसुद्धा घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटं मागे असतो. अरुणाचल आणि कच्छ यांच्या सूर्योदयात तर जवळजवळ दोन तासांचं अंतर. अरुणाचलात पाचला उठणारा उजेडात उठतो, कच्छात पाचला उठणारा मिट्ट काळोखात. दोघांना एकच गुण कसा देणार?

शरीराचं म्हणाल तर तेही सगळ्यांचं सारखं नसतं. पेशींच्या आत दिवस-रात्रीचं घड्याळ चालतं. ते कसं चालतं हे फळमाशीवर काम करून उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. ते घड्याळ कुणाचं थोडं पुढे असतं, कुणाचं मागे, आणि काही प्रमाणात ते आईबापांकडूनच येतं. वयाप्रमाणेही ते सरकतं. वयात येताना झोपेची वेळ उशिरा उशिरा जाऊ लागते, विशीच्या आसपास ती सगळ्यात उशिराची असते, नंतर हळूहळू माणूस पुन्हा लवकर उठणारा होतो. घराघरांत बाप-लेकाची सकाळी जी जुंपते, तिच्यातला बराच भाग तत्त्वाचा नसून वयाचा आहे, असं मला वाटतं. बाप म्हणतो मला शिस्त आहे. खरं तर त्याची झोप मोडलेली असते.

पण शरीराचा मुद्दा मी इथेच सोडतो. ‘माझं घड्याळच तसं आहे’ म्हणून मोकळं होणं मला सोपं आहे, कारण मला कुणी उठवत नाही. ज्यांना उठावंच लागतं, त्यांचं घड्याळ कसंही असलं तरी कुणी विचारत नाही.

बाबांचंच घ्या. आमच्याकडे विहिरीवर मोटर आहे, हिवाळ्यात गहू आणि हरभरा असतो. राज्यात शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. दिवसा वीज देता यावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, दिवसपाळी हळूहळू वाढतेही आहे. पण रात्रीची पाळी असली की ओलित रात्रीच करावं लागतं. डिसेंबरच्या थंडीत, गमबूट घालून, हातात बॅटरी, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवत. रानडुकरं असतात, साप असतात, आणि पेंचचं जंगल काही लांब नाही. गंमत बघा, आमच्याच तालुक्यात गोंडेगाव, इंदर, कामठी या कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. जवळच खापरखेडा आणि कोराडीची वीज केंद्रं आहेत. ज्या भागातून कोळसा निघतो तिथल्या गव्हाला दिवसाची वीज मिळेल की रात्रीची, हे तक्त्यावर ठरतं. पाण्याचंही तसंच. नागपूरच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा पेंचचा, आणि तो आमच्या तालुक्यातल्या नवेगाव खैरीच्या धरणातून जातो. नागपुरात चोवीस तास पाण्याची योजना आखली गेली. ज्या घरात चोवीस तास नळ असतो त्या घरातल्या माणसाला नळासाठी उठावं लागत नाही. जिथे नळ ठरावीक वेळी तासभर येतो, तिथे घरातल्या एका माणसाची सकाळ तो नळच ठरवतो. ते माणूस बहुधा बाई असतं.

मार्च-एप्रिलात जंगलाकडेच्या गावांत, कोलितमाऱ्याच्या बाजूला, लोक मोह वेचायला अंधारातच निघतात. मोहाची फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात. गुरं-हरणं येण्याआधी, ऊन तापण्याआधी ती वेचून टोपलीत पडली तर घरात चार पैसे येतात. वाकून फुलं वेचणारा माणूस झुडपाआडून वाघाला माणसासारखा दिसत नाही, म्हणूनच विदर्भात या हंगामात माणसं मारली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ही पहाट कुठल्याही क्लबची नाही. तिला संस्कार म्हणायलाही मला धजत नाही. फूल पहाटे गळतं, म्हणून बाई पहाटे जाते. दुपारी गळलं असतं तर दुपारी गेली असती.

माझ्या मते इथे एक साधी कसोटी सापडते. एखाद्याच्या लवकर उठण्याला कारण आहे का? बाबांना आहे, वीज. मोह वेचणारीला आहे. खाणीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला आहे. आणि कारण संपलं तरी वेळ तीच राहिली, तर तिथे थोडं थांबून बघायला हवं.

आता आईकडे येतो. आई १९९१ मध्ये लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून पाचच्या आत उठते. का, हे मी तिला एकदा नीट बसवून विचारलं. तिने बोटांवर मोजलं. घरात संडास नव्हता, म्हणून उजाडायच्या आत बायकांनी बाहेर जाऊन यायचं. नंतर विहिरीवरून पाणी. मग चूल पेटवणं, ती ओल्या लाकडांनी पेटायला वेळ घ्यायची. मग सडा, सारवण. आणि तिच्या सासूच्या, म्हणजे आमच्या आजीच्या तरुणपणी यात जात्यावरचं दळणही होतं. पहाटे जात्यावर गायलेल्या ओव्या आपल्याला फार हृद्य वाटतात. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ते काम मोठंच आहे. पण त्या ओव्या पहाटे गायल्या गेल्या, कारण दिवस उगवल्यावर त्या बाईचा वेळ तिचा नव्हता. पहाटेच्या काव्यावर भरभरून लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी तासभर जातं ओढलं असेल, कोण जाणे.

संडासाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० च्या सुमाराला सुरू झालं, आणि पुढच्या काळात गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली. पहाटे उघड्यावर बसलेल्या माणसांना गाठायचं, शिट्ट्या वाजवायच्या, गुलाबाचं फूल द्यायचं, कधी दंड करायचा. हेतू चांगला होता, हे मान्य. तरी विचार करा, वर्षानुवर्षं ज्या बायका केवळ अंधार असतो म्हणून चारला उठत होत्या, त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला पथक आलं. आमच्या घरी संडास २००४ मध्ये बांधला. त्याआधी आईचं लवकर उठणं हा गुण होता की दाराला कडी नसण्याचा परिणाम, हे कुणी कशाला विचारेल?

तर आज काय आहे? संडास घरात. विहिरीच्या जागी बोअर आणि टाकी. चुलीच्या जागी गॅस. दळण चक्कीवर. अंगणात फरशी, त्यामुळे सारवणही नाही. आईने बोटांवर मोजलेली पाचपैकी चार कारणं गेली, एक सडा उरला. पण वेळ तीच आहे. ती आता कुठल्याच कामाची नाही, म्हणून तिला आम्ही घराचं वळण म्हणतो.

आणि ते वळण आता वहिनींच्या वाट्याला आलं आहे.

वहिनी कामठीला एका दवाखान्यात नर्स आहेत. आठवड्यातले तीन-चार दिवस त्यांची सेकंड शिफ्ट असते. सुटून, दादाच्या गाडीवर घरी पोचायला साडेदहा. जेवण, भांडी, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडणं करून त्यांना झोपायला बारा वाजतात. मी दोनला झोपतो, त्या बाराला. मी नऊला उठतो, त्या साडेपाचला. माझ्या खोलीबाहेर आई कुणालाही मोठ्याने बोलू देत नाही. “उठवू नका त्याले, रातभर काम करत होता.” हीच आई साडेपाचला दादांच्या दाराजवळ भांडं जरा जोरात ठेवते. तोंडाने काही म्हणत नाही. म्हणायची गरजही नसते.

एकाच छपराखाली, एकाच वेळी, दोन उशिरा झोपणारी माणसं. दोघांचंही काम पगाराचं, दोघांचंही रात्रीचं, आणि तिचं माझ्यापेक्षा थकवणारं. मी चूक केली तर एखादं बटन चालत नाही, त्यांनी चूक केली तर माणूस जातो. पण उशिरा उठायची परवानगी एकालाच. म्हणून मला वाटतं, सकाळची खरी चर्चा लवकर की उशिरा ही नाहीच. घरात जेवढी झोप आहे ती कुणाला किती वाटली जाते, ही आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. ही २९९ मिनिटं दिवसाच्या चोवीस तासांत नवी येत नाहीत. ती कुठून तरी कापली जातात, आणि पहाट हा कापायला सगळ्यात सोपा भाग आहे. तिथे कुणाचं लक्ष नसतं.

लवकर उठण्याची बाजूही मांडली पाहिजे. आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आश्रमाचा दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू व्हायचा आणि तो नियम कडक होता. मला तो नियम खटकत नाही. कारण तिथे स्वयंपाक, झाडणं, संडास साफ करणं ही कामंही आश्रमवासीयांनीच करायची होती. स्वतःची पहाट स्वतःच्या हाताने उभी करायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक ध्यानाला आमच्या गावातली म्हातारी माणसं आजही पहाटे जमतात, तेही मला आवडतं. पण त्यांच्यातला एखादा घरी आल्यावर गरम चहा तयार हवा म्हणतो, तेव्हा त्याच्या ध्यानासाठी दुसरं कुणीतरी त्याच्याही आधी उठलेलं असतं. रीलमधल्या धावणाऱ्या माणसालाही मला हेच विचारावंसं वाटतं. परत आल्यावर तुझा नाश्ता कोण करतं रे?

या राज्यात एकदा झोपेचा सरकारी विचार झाला, हेही खरं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांची झोप पुरी होत नाही असं म्हटलं. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश काढला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. पोरांच्या झोपेला आपण हक्क म्हणायला लागलो, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या पोराचा डबा करणारीची झोप कुणाच्या आदेशात बसते, ते मला अजून दिसलेलं नाही.

आता रात्री जागणाऱ्यांबद्दल. विदर्भात पीक राखायला रात्री शेतात राहणं याला जागल म्हणतात, आणि जागलीला गेलेल्या माणसाला सकाळी कुणी आळशी म्हणत नाही. गावाची राखण करणाऱ्या जागल्याला पूर्वी पदाचा मान होता. माणसांचं एकसारखं न झोपणं हे कदाचित आपल्या फार जुन्या सोयीचं असावं. टांझानियातल्या हाद्झा या शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांच्या ३३ प्रौढांच्या झोपेची २० दिवस नोंद केली गेली. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या सगळ्या काळात ३३ च्या ३३ माणसं एकदम झोपलेली अशी मिनिटं निघाली फक्त १८. कुणी ना कुणी जागंच. आमच्या घरीही तसंच आहे. रात्रीच्या ओलिताच्या दिवसांत मी एक वाजता बाबांना मिस्ड कॉल देतो, ते एक रिंग परत देतात. ठीक आहेत, एवढंच कळतं. त्या दिवसांत माझ्या जागण्याला ते काहीच म्हणत नाहीत.

वहिनींबद्दल घरात बोलायचं मी ठरवलं, तेव्हा आधी त्यांनाच विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “भाऊजी, माझ्यासाठी बोलू नका. तुम्ही बोललात की ते माझंच शिकवलेलं होते.” यावर मला काही सुचलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. चांगल्या हेतूने बोलून मी उठलो असतो, आणि त्याचा हिशेब त्यांच्याकडून वसूल झाला असता.

मग मी त्यांचं नावच काढलं नाही. आईला म्हटलं, घराचं वळण आहे ना, मग उद्यापासून मलाही साडेपाचला उठव. सडा मी टाकतो.

“तुहं काम येगळं हाय.”

“कसं वेगळं?”

ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मला खरंच उठवलं. चार दिवस मी साडेतीन तासांच्या झोपेवर अंगण झाडलं आणि सडा टाकला. दूधवाला थांबून बघायचा. समोरच्या घरातली आजी पोरगं बरं आहे ना म्हणून दोनदा विचारून गेली. बाबा ओट्यावर बसून चहा पीत होते. चौथ्या दिवशी ते आईला म्हणाले, “सात वाजता सडा टाकला त काय सूर्य वापस जाते का वो?” आई त्यांच्यावर चिडली. आयुष्यभर सडा पडल्यावर उठलेल्या माणसाने हे बोलावं, याचा राग मला समजतो.

त्या दिवशी दुपारी मी आईला विचारलं, तू कुणी न उठवता, अलार्म न लावता, झोप पुरी होऊन शेवटची कधी उठलीस? तिला बराच वेळ आठवेना. मग म्हणाली, “तुह्या बाळंतपणाले माहेरी गेली होती तवा.” मी आता २८ वर्षांचा आहे.

आईची वेळ अजून पाचचीच आहे. सवय, म्हणते. ती मोडणं माझ्या हातात नाही, आणि मोडावी की नाही हे तिने ठरवायचं आहे. पण सेकंड शिफ्टच्या दुसऱ्या दिवशी भांड्याचा तो आवाज हल्ली येत नाही. मागच्या आठवड्यात अशाच एका सकाळी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “काहून वो, सूनबाईले बरं नाही का? अंगण कोरडं दिसते.”

“बरी हाय,” आई म्हणाली. “काल सेकंड ड्युटी होती तिची.”

काकू आणखी काहीतरी विचारत होत्या. माझ्या खिडकीतून नीट ऐकू आलं नाही. मोबाइल बघितला, सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी कूस बदलून पुन्हा झोपलो.